एक डिसेंबरच्या फेरीला जाताय?

नोव्हेंबर संपत आला की जिल्हा रुग्णालयातून कॉलेजांना पत्रं जाऊ लागतात. एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, सकाळी आठ वाजता सिव्हिलच्या आवारात विद्यार्थी पाठवावेत. नर्सिंगच्या मुली गणवेशात येतात, एनएसएसची मुलं टोप्या घालून येतात. कुणाच्या छातीवर लाल फीत टाचलेली असते, कुणाच्या हातात रात्री घाईघाईने रंगवलेला फलक असतो. साहेब हिरवा झेंडा दाखवतात, फेरी बसस्टँडवरून बाजारपेठेत शिरते, वळसा घालून परत येते, शपथ होते, केळं आणि बिस्किटचा पुडा मिळतो आणि मुलं दहाचं लेक्चर गाठतात.

एवढ्यावरच सगळं आटोपलं, तर त्या सकाळच्या फेरीतून फारसं हाती लागत नाही. पण चालणाऱ्यांना चार गोष्टी नीट माहीत असल्या आणि फेरीनंतर काय करायचं हे आधी ठरलेलं असलं, तर याच दोन तासांमुळे एखादा मुलगा वेळेवर तपासणीला पोचतो, एखादी मुलगी वर्षभर मनात दाबून ठेवलेला प्रश्न विचारते. अशा फेऱ्यांबरोबर बरीच वर्षं चालत आले आहे, त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. वाचणारे विद्यार्थी असतील, शिक्षक असतील, मुलाला फेरीला पाठवणारे आईवडील असतील. तिघांनाही यात काही ना काही कामाचं सापडेल.

जायचं ठरवण्याआधी ही फेरी कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्या. आपल्याकडे बहुतेक फेऱ्या जनजागृतीच्या असतात. त्या जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक आणि कॉलेजातले रेड रिबन क्लब मिळून काढतात, त्यांत पैशाचा संबंध नसतो. कॉलेजच्या मुलांसाठी याच क्लबांमार्फत ‘रेड रन’ नावाची दौडही होते. दुसरा प्रकार निधी जमवण्यासाठीच्या वॉकेथॉनचा. त्यात नावनोंदणीचं शुल्क असतं, टी-शर्ट मिळतो आणि उरलेली रक्कम एखाद्या संस्थेला जाते. ही पद्धत अमेरिकेतून आली. १९८५ च्या जुलैत लॉस एंजेलिसमध्ये पहिला एड्स वॉक निघाला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये. त्या काळी या आजारावर धड औषध नव्हतं, सरकार लक्ष देत नव्हतं आणि मित्रांवर एकामागून एक अंत्यसंस्कार करणाऱ्या लोकांनी स्वतःच पैसा उभा करायचं ठरवलं. मी इतके मैल चालणार, त्यासाठी तू किती देशील, असं ओळखीपाळखीत विचारत फिरायचं, अशी ती साधी रीत. न्यूयॉर्कचा वॉक आजही होतो आणि तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनाही त्यात नाव नोंदवता येतं.

पैसे द्यायचे असतील तर विचारायला लाजू नका. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय, पावती मिळेल का, गेल्या वर्षी जमलेल्या रकमेचं काय केलं, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. नोंदणी नसलेल्या मंडळींना अशी वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी ४१-क ची परवानगी काढतात, तीच ही. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट हिशेब पुढे करते.

औषधं तर सरकार फुकट देतं, मग पैसे कशाला, असं पुष्कळांना वाटतं. एचआयव्हीला आवर घालणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात, हे खरं आहे. पण गोळी घशाखाली उतरायला पोटात अन्न लागतं. एआरटी केंद्र बहुधा जिल्ह्याच्या गावी असतं, तिथे जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि त्या दिवसाचा बुडालेला रोज. शेतमजूर बाईसाठी हा हिशेब लहान नसतो. आईबाप दोघंही गेलेली मुलं सांभाळणाऱ्या संस्था आहेत: पंढरपूरची ‘पालवी’, बीडजवळची ‘इन्फंट इंडिया’, लातूर जिल्ह्यात हासेगावचं ‘सेवालय’. तिथे खर्च होतो तो दुधावर, वह्यापुस्तकांवर, रात्री ताप आला तर गाडी काढण्यावर. पुढे बारावीनंतरच्या शिक्षणावर होतो, आणि तिथेच पैसा सगळ्यात कमी पडतो. लहान मुलांसाठी देणगी येते, वीस वर्षांच्या मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी हात आखडता होतो. तुमची रक्कम कुठे जावी हे सांगण्याची मुभा असेल तर या मोठ्या मुलांचं नाव घ्या.

प्रत्यक्ष चालण्याची तयारी फार नाही. तीन ते पाच किलोमीटर अंतर असतं. सवयीचे बूट घाला, काहीतरी खाऊन निघा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. कोकणात आणि मुंबईत डिसेंबरातही घाम येतो, विदर्भात मात्र सकाळी स्वेटर लागतो. शिक्षकांनी एक-दोन दणकट मुलं शेवटच्या रांगेत ठेवावीत, म्हणजे मागे पडणारं कुणी एकटं राहत नाही.

त्याहून जास्त विचार फलकांचा आणि घोषणांचा करायला हवा. नव्वदच्या दशकात कवटी आणि दोन हाडं काढलेली भित्तिपत्रकं गावोगाव लागली. एड्स म्हणजे मरण, एड्स म्हणजे पापाची शिक्षा, असा त्यांचा सूर. ती पोस्टर कधीच फाटून गेली, पण सूर घोषणांत टिकून आहे. एड्सचा राक्षस, एड्सचा भस्मासुर असं मुलं अजूनही उत्साहाने ओरडतात. फेरीच्या कडेला चहाच्या टपरीवर एखादा पंचवीस वर्षांचा ड्रायव्हर उभा असतो, ज्याला सहा महिन्यांपासून शंका आहे आणि जो तपासणी टाळतो आहे. राक्षसाची घोषणा ऐकून तो सिव्हिलकडे वळेल का? तो आणखी लांब जाईल. शिवाय तुमच्या शेजारून चालणाऱ्या मुलीच्या रक्तात तो विषाणू जन्मापासून असू शकतो. तिच्या कानांवर ती घोषणा कशी पडते, याचा विचार फलक रंगवताना करा.

मग लिहायचं काय? मला सगळ्यात उपयोगी वाटलेला फलक अगदी रुक्ष असतो: “एचआयव्ही तपासणी मोफत. सिव्हिल हॉस्पिटल, ओपीडी इमारत, खोली क्रमांक अमुक, सकाळी या वेळेपासून या वेळेपर्यंत. निकाल गुप्त राहतो.” खाली मोठ्या आकड्यांत १०९७. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. यमक जुळवण्यात रात्र घालवण्यापेक्षा आदल्या दिवशी एका मुलाला सिव्हिलमध्ये पाठवून तो खोली क्रमांक आणि वेळ खरी आहे का ते बघून या. केंद्र दुसऱ्या इमारतीत हललेलं असतं आणि फलकावर जुनाच पत्ता राहतो, असं होतं.

दुसरी जपण्याची गोष्ट म्हणजे मोबाइल. फेरीत एचआयव्हीसह जगणारी माणसं असतात, काही उघडपणे, काही गर्दीत मिसळून. कोण कोण आहे हे शोधायचं नाही. “तुम्हाला आहे का?” हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि संस्थेतल्या मुलांचा तर मुळीच काढायचा नाही, चांगल्या हेतूनेही नाही. आज आठ वर्षांच्या मुलाचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, तर तो अठरा वर्षांचा होऊन नोकरी शोधायला लागेल तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. एखाद्याला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करण्याला कायद्यानेही बंदी आहे. तो कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. त्याबद्दल पुढे येईलच.

मुलांना शिकवायचं कुणी?

१९८६ साली भारतात एचआयव्ही आहे की नाही हेच माहीत नव्हतं. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सोलोमन यांनी निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला हाच विषय प्रबंधासाठी दिला. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे ऐंशी नमुने गोळा केले, धड प्रयोगशाळा नसल्यामुळे घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं आणि १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने केंद्र काढलं. नुसत्या उपचारांवर त्या थांबल्या नाहीत, एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुण-तरुणींची लग्नंही त्यांनी जुळवली.

ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण सुरुवात विशी-तिशीतल्या एका विद्यार्थिनीने केली होती. तरुणांनी या विषयात पडू नये असं वाटणाऱ्या मोठ्यांना हे ऐकवायला हवं.

आपल्या राज्यात असे मोठे कमी नाहीत. २००५ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, त्यात एचआयव्हीची माहिती होती. २००७ मध्ये महाराष्ट्रात विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि कार्यक्रम बंद पडला. संस्कृती बिघडेल असं सांगितलं गेलं. त्याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले आणि त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. आंबेडकर. एवढी परंपरा असलेल्या राज्यात आज शिक्षक एचआयव्हीचा धडा “घरी वाचून या” म्हणून पुढे सरकवतात आणि घरी कुणी वाचत नाही. मग मुलं मोबाइलवर जे दिसेल ते शिकतात. देशात सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगताहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. अशा राज्यात हा संकोच परवडणारा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकवायचं कुणी, याचं उत्तर सांगलीत मिळालं. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच शिकवणाऱ्या केलं. कंडोम वाटायला बाहेरचा माणूस गेला तर दार लागायचं. शेजारच्या खोलीतली बाई गेली की ऐकून घेतलं जायचं, कारण गिऱ्हाईक नाही म्हणतं तेव्हा काय बोलायचं हे तिला ठाऊक होतं. कॉलेजातही तेच चालतं. डॉक्टरांचं व्याख्यान जरूर ठेवा, पण त्यानंतर वर्षभर प्रश्न झेलायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं-मुली तयार करा. रेड रिबन क्लबचा हाच उद्देश आहे. तुमच्या कॉलेजात तो फक्त एक डिसेंबरला जागा होत असेल, तर बारा जानेवारीच्या युवा दिनाला आणि बारा ऑगस्टच्या आंतरराष्ट्रीय युवा दिनालाही त्याला काम द्या.

चिठ्ठ्यांच्या डब्यातले प्रश्न

फेरी परत आल्यावर शपथेऐवजी, किंवा शपथेनंतर, एक डबा ठेवा. बुटाचं खोकं चालेल, वर चीर पाडायची. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि सगळ्यांनी काहीतरी लिहायचं असं सांगा. प्रश्न नसेल त्याने “प्रश्न नाही” लिहावं, म्हणजे कोण लिहितं आणि कोण लिहीत नाही हे कुणाला कळत नाही. नाव नको. मग समुपदेशकाने चिठ्ठ्या मोठ्याने वाचून उत्तरं द्यायची. मी पाहिलेल्या अशा चिठ्ठ्या चार घड्या घातलेल्या असतात, काहींवर लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलेलं असतं. गावं बदलतात, प्रश्न फारसे बदलत नाहीत.

डास चावल्याने का होत नाही, हा हुशार मुलांचा प्रश्न. मलेरिया होतो तर हा का नाही? डास चावताना आपली लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त सोडत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात वाढतो आणि लाळेत येतो. एचआयव्ही डासाच्या पोटात पचून जातो, त्याला वाढायला माणसाच्या पेशी लागतात. हे एकदा समजलं की एका ताटात जेवणं, मिठी मारणं, एकच संडास वापरणं, यांची भीती वेगळी घालवावी लागत नाही.

न्हाव्याच्या वस्तऱ्याचं काय? शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही, म्हणून दाढीतून लागण होण्याची शक्यता नगण्य. तरीही पातं नवं लावायला सांगा, कारण कावीळ ‘बी’चा विषाणू बाहेर बरेच दिवस टिकतो. जत्रेत गोंदवून घेणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं: सुई आपल्यासमोर पाकिटातून काढलेली हवी आणि शाई वेगळ्या वाटीत ओतलेली हवी. एकच सुई आणि एकच वाटी रांगेतल्या सगळ्यांना चालत असेल तर तिथून निघून यावं.

“एकदाच झालं तर होतो का?” ही चिठ्ठी प्रत्येक डब्यात असते. अक्षर बारीक असतं. उत्तर असं द्यायला हवं की लिहिणारा घाबरून कोसळणार नाही आणि निर्धास्तही होणार नाही. एका असुरक्षित संबंधातून लागण होऊ शकते, दरवेळी होतेच असं नाही, आणि झाली की नाही हे चेहऱ्यावरून, वजनावरून कळत नाही. ते तपासणीतूनच कळतं. दुसऱ्या दिवशी केलेली एकच तपासणीसुद्धा पुरत नाही, विषाणू शिरल्यानंतर ती पॉझिटिव्ह यायला काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत लागतात. म्हणून आत्ता करा आणि समुपदेशक सांगतील तेव्हा पुन्हा करा. दरम्यान कंडोम वापरा, तो केंद्रात मोफत मिळतो.

एका गोष्टीला मात्र घाई लागते. लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा वापरलेली सुई टोचली असेल, तर लागण टाळण्यासाठी गोळ्या देता येतात. त्या शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, आणि काहीही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात त्या मिळतात. नर्सिंगच्या मुलींना हे पाठ असतं, इतर मुलींना कुणी सांगितलेलंच नसतं. डब्यातून हा प्रश्न आला नाही तरी हे उत्तर मोठ्याने सांगा.

“पॉझिटिव्ह मुलीशी लग्न केलं तर?” या चिठ्ठीवर पूर्वी हशा पिकायचा. आता सभागृह गप्प होतं. आज याचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या उत्तरापेक्षा फार वेगळं आहे. रोज नियमाने गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडत नाही. ही स्थिती टिकून असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मोठ्या अभ्यासांतून हे पक्कं झालं आहे. मूल? उपचारांविना आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचार घेतले तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणूनच आशाताई गरोदर बाईला पहिल्या महिन्यांतच तपासणीला नेतात.

आणि शेवटी येते ती चिठ्ठी: “तपासणी केली तर घरी कळेल का?”

त्या खोलीत काय होतं

हा प्रश्न नीट सोडवला नाही तर वरची सगळी माहिती वाया जाते. म्हणून फेरीनंतर मुलांना पाच-सातच्या गटाने सिव्हिलमधल्या तपासणीच्या खोलीत नेऊन आणा, नुसती बघायला. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असं लांबलचक नाव दारावर असतं, सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. टेबल, दोन खुर्च्या, कुलूप लावलेलं कपाट, कंडोम कसा लावायचा हे दाखवायला लाकडी नमुना. समुपदेशक दार लोटून घेतात. नाव, वय लिहून घेतात. उगाच खोटं सांगायला नको, नोंद होते, पण ती वही बाहेरच्यांना दाखवायची नसते. आधी बोलणं होतं, तपासणी का करायची, निकाल असा आला तर काय, तसा आला तर काय. तुमची संमती घेतल्याशिवाय रक्त घेत नाहीत. निकाल सहसा त्याच दिवशी मिळतो. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही, वेगवेगळ्या तीन किट्सनी खात्री केली जाते. निकाल तुमच्याच हातात देतात, पुन्हा दार लोटून. अठरा पूर्ण झालेल्यांच्या घरी फोन जात नाही. त्याखालच्या मुलांच्या तपासणीला पालकांची संमती लागते. अशा मुलाने एकट्याने घाबरत बसण्यापेक्षा आधी १०९७ ला फोन करावा.

पॉझिटिव्ह निघाला तर गोळ्या लगेच सुरू होतात. पूर्वी रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी ठराविक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागे, २०१७ पासून ती अट गेली. लवकर सुरू केलेल्या आणि न चुकवलेल्या गोळ्यांवर माणूस इतरांसारखं दीर्घ आयुष्य जगतो. न चुकवलेल्या, हे अधोरेखित करून सांगते, कारण तरुण मुलं नेमकी तिथे अडखळतात. लहानपणापासून संस्थेत किंवा आजीकडे वाढलेली मुलगी कॉलेजसाठी होस्टेलला येते. खोलीत चार जणी. ती डबीवरचं लेबल सोलून काढते, गोळ्या खडखडू नयेत म्हणून आत कापूस भरते, रात्री नऊला बाथरूममध्ये जाऊन गोळी घेते. परीक्षेच्या दिवसांत सगळ्या जणी रात्रभर जागतात, खोलीत सतत कुणीतरी असतं, आणि गोळी चुकते. एकदा, मग दुसऱ्यांदा. औषधाला न जुमानणारा विषाणू अशाच खाड्यांतून वाढतो.

या मुलीसाठी २०१७ चा कायदा आहे. एचआयव्ही आहे म्हणून कॉलेजला किंवा होस्टेलला प्रवेश नाकारता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही, भाड्याची खोली नाकारता येत नाही, दवाखान्यात उपचार टाळता येत नाहीत. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या संस्थेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि त्याच्यावर राज्याचा लोकपाल आहे. तुम्ही विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, आपल्याकडे हा अधिकारी कोण आहे? बहुतेक ठिकाणी कारकून वर बघत राहील. विचारलं गेलं की नेमणूक होते, हा माझा अनुभव आहे. आणि होस्टेलच्या रेक्टरबाईंना एवढंच सांगा की कोणत्याही मुलीच्या औषधाच्या डबीत डोकावायचं नाही आणि कशाची गोळी आहे हे विचारायचं नाही, मग ती थायरॉइडची असो, मिरगीची असो की आणखी कशाची.

पालकांसाठी थोडं. मुलगा फेरीवरून येऊन म्हणाला, “आई, आज कंडोम दाखवला आम्हाला,” तर हातातलं काम तसंच चालू ठेवा आणि “मग काय सांगितलं?” एवढं विचारा. त्याला बोलू द्या. तुम्हाला माहीत नसलेलं काही त्याने विचारलं, तर “मला नाही माहीत, आपण १०९७ वर विचारू” म्हणा आणि खरंच फोन लावा. बाबांनी पेपर तोंडासमोर धरून खोलीत बसून राहायचं नाही; हे आईचं काम नाही, दोघांचं आहे. “आपल्या घरात असलं काही होत नाही” हे वाक्य टाळा. ते एकदा ऐकलेला मुलगा पुढे काही झालं तरी तुमच्याकडे येत नाही, गुप्तरोगाच्या जाहिराती करणाऱ्या भोंदूकडे जातो आणि हजारो रुपये मोजून येतो. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तेच उपचार मोफत आणि योग्य मिळतात.

फेरी काढणाऱ्यांना एक विनंती. किती मुलं आली, किती किलोमीटर चालली, याचा अहवाल वर जातोच. त्याखाली आणखी एक ओळ लिहायला सुरुवात करा: पुढच्या महिन्याभरात अठरा ते पंचवीस वयाची किती मुलं-मुली स्वतःहून तपासणीला आली. केंद्रातल्या समुपदेशकाला विचारलं की नाव न घेता आकडा मिळतो. आधीच्या महिन्याशी तो ताडून पाहा, आणि फलकांवर काय लिहायचं, घोषणा कोणत्या द्यायच्या, फेरी कोणत्या रस्त्याने न्यायची, हे पुढच्या वर्षी त्यावरून ठरवा. बाजारपेठेऐवजी ती एमआयडीसीच्या फाटकावरून, ट्रक टर्मिनलवरून, ऊसतोड मजुरांच्या तळावरून न्यावीशी वाटली, तर जरूर न्या; तिथे जाताना मात्र वेळ त्या लोकांच्या सोयीची ठेवा, सकाळी आठला ती माणसं कामावर गेलेली असतात.